घरी बसून जुन्या रोमँटिक कॉमेड्या बघताना तुम्हालाही असं होतं का? आणि आईबरोबर पुढे काय बघू?

पावसाळी_दुपार (ठाणे)

हल्ली आमच्याकडे शनिवारी रात्री जेवणं उरकली की पिक्चर लावायचा असा नेम पडलाय. मी, नवरा आणि गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आमच्याकडे राहायला आलेली माझी आई. आधी नवीन रोमकॉमच लावायचो, ओटीटीवर पहिल्या पानावर जे येईल ते, पण बघून उठलं की दुसऱ्या दिवशी काही म्हणजे काही आठवायचं नाही. दोघं दिसायला छान, कपडे छान, घर तर विचारूच नका, आणि तासभर झाला तरी मला कळतच नाही की या दोघांनी एकत्र येऊ नये असं मध्ये नक्की आहे तरी काय. एक गैरसमज असतो, एका फोनवर मिटला असता असला, आणि त्यावर अर्धा पिक्चर काढतात.

मग नवऱ्याने एकदा १९३४ चा 'इट हॅपन्ड वन नाईट' लावला. फ्रँक काप्राचा, क्लार्क गेबल आणि क्लॉडेट कोलबर्ट. श्रीमंत बापाची पोरगी मायामीला बोटीवरून पाण्यात उडी मारून पळते, न्यूयॉर्कला जायला साध्या बसमध्ये बसते आणि शेजारी नुकतीच नोकरी गेलेला पत्रकार. पैसे संपत येतात म्हणून रात्री एकच खोली घ्यावी लागते. तर तो दोन खाटांच्या मध्ये दोरी बांधतो, त्यावर घोंगडी टाकतो आणि म्हणतो ही जेरिकोची भिंत, बायबलमधली, तुताऱ्यांच्या आवाजाने पडते ती. दिवे मालवलेत, खिडकीवर पाऊस, दोघं आपापल्या बाजूला पडून बोलतायत. बास, एवढंच आहे. पण आम्ही तिघंही एकदम गप्प झालो होतो, आणि आई, जिला इंग्रजी सबटायटल्स वाचायला वेळ पुरत नाही, तिलाही काही समजावून सांगावं लागलं नाही.

त्यानंतर 'द अपार्टमेंट' बघितला, बिली वाइल्डरचा, १९६० चा. तो तर माझ्या डोक्यातून जातच नाहीये. विमा कंपनीतला कारकून, जॅक लेमन, बढती मिळावी म्हणून आपल्या फ्लॅटची किल्ली वरच्या साहेबांना देतो, त्यांना बायकोपासून लपून भेटीगाठी करायला. आणि त्याला जी आवडते ती लिफ्ट चालवणारी मुलगी, शर्ली मॅकलेन, तीच मोठ्या साहेबाबरोबर त्याच्याच फ्लॅटवर येत असते. हे त्याला कसं कळतं तर तिच्या पर्समधल्या तडा गेलेल्या आरशावरून, तो आरसा त्यालाच आधी घरात सापडलेला असतो आणि त्यानेच साहेबाला परत दिलेला असतो. तो आरशात स्वतःकडे बघतो तिथे मी पिक्चर थांबवला, रिमोट माझ्या हातात होता आणि मला पुढे जायच्या आधी थोडा वेळ हवा होता. थिएटरात हे करता आलं नसतं. मला वाटतं घरी बघण्यात हेच मोठं आहे, की आपण थांबतो, मागे जातो, एकमेकांशी बोलतो, आणि हे जुने पिक्चर असं थांबवून बघितलं तरी तुटत नाहीत, उलट जास्त दिसतं.

माझं म्हणणं एवढंच की जुन्यांमध्ये दोघांच्या मध्ये जे असतं ते खरं असतं. पैसा नाही, जागा नाही, नोकरीची भीती, घराणं. म्हणून हसू पण येतं आणि जीव पण अडकतो. तुमचा काय अनुभव? आणि आईबरोबर बघता येतील असे सुचवा ना प्लीज, हिंदी मराठी इंग्रजी काहीही चालेल. फार मारामारी नको, फार रडणं पण नको.

जुना_रेडिओ (नागपूर)

ताई, अगदी मनातलं लिहिलंत. "मध्ये काय आहे" हाच प्रश्न मी प्रत्येक प्रेमकथेला विचारतो, आणि आपल्याकडे त्याचं सगळ्यात खरं उत्तर माझ्या मते जागा. १९७० चा 'मुंबईचा जावई' आईंना नक्की आठवत असेल. लग्न झालंय, दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे, घरातली माणसंही चांगली आहेत, कोणी खलनायक नाही, आणि तरी नवराबायकोला दोन शब्द बोलायला कोपरा मिळत नाही कारण चाळीतली खोली आणि त्यात एवढी माणसं. यात गैरसमज वगैरे काही लागतच नाही. भिंत नाही हीच अडचण! तुम्ही घोंगडीचं लिहिलंत तेव्हा मला पहिल्यांदा हेच आठवलं, तिकडे दोघं मध्ये पडदा लावतात आणि इकडे बिचारे पडदा शोधत फिरतात.

आणि गाणी बघा, 'का रे दुरावा, का रे अबोला' आणि 'प्रथम तुज पाहता' दोन्ही याच पिक्चरमधली, गदिमा आणि सुधीर फडके. रेडिओवर ती आपण हजार वेळा ऐकलेली असतात, पण पिक्चरमध्ये ती कुठे येतात ते बघितलं की 'का रे दुरावा' वेगळंच ऐकू येतं, कारण तो दुरावा मनाचा कमी आणि खोलीचा जास्त आहे. आशाबाई ते किती हळू गातात, शेजारी कोणीतरी झोपलंय आणि त्याला जाग येऊ नये अशा आवाजात. निदान मला तरी तसं ऐकू येतं.

यावरूनच बासू चटर्जींनी १९७२ मध्ये हिंदीत 'पिया का घर' केला, जया भादुरी आणि अनिल धवन. गावाकडच्या मोकळ्या घरातली मुलगी मुंबईच्या चाळीत येते आणि नव्या जोडप्याची झोपायची सोय स्वयंपाकघरात. 'ये जीवन है' हे किशोरकुमारचं गाणं त्यातलंच. दोन्ही पाठोपाठ दोन शनिवारी बघा, आधी मराठी मग हिंदी. 'द अपार्टमेंट' बघून झालाच आहे तर तिसरी बाजू पण तुमच्याकडे आहे, तिथे एकट्या माणसाकडे फ्लॅट आहे आणि त्यालाच रात्री बाहेर थंडीत बाकावर बसावं लागतं.

कोपऱ्यातला_टीव्ही (पुणे)

पिक्चर बाकीचे सुचवतीलच, मी एक वेगळी गोष्ट सांगतो कारण यामुळे लोकांना जुने पिक्चर आवडेनासे होतात आणि त्यांना कळतही नाही का. टीव्हीचं सेटिंग बघा. आजकालच्या बहुतेक टीव्हीमध्ये हालचाल गुळगुळीत करायची एक सोय असते, मोशन स्मूदिंग, प्रत्येक कंपनी तिला वेगळं नाव देते, आणि ती बहुतेक वेळा आधीपासून चालूच असते. पिक्चर सेकंदाला २४ फ्रेम्सवर शूट झालेला असतो, टीव्ही मधल्या फ्रेम्स स्वतः बनवून घुसडतो, आणि मग १९५३ चा पिक्चर कालच्या सिरियलसारखा दिसायला लागतो. क्रिकेटला ठीक आहे ते. पिक्चरला बंद करा, किंवा फिल्ममेकर मोड असेल तर सरळ तो लावा, त्यात ही भानगड आपोआप बंद होते.

दुसरं, बाजूला काळ्या पट्ट्या दिसल्या म्हणून झूम करू नका, कृपा करून करू नका. १९५३ ला सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचं तंत्र, आलं त्याच्या आधीचे पिक्चर जवळपास चौकोनीच असायचे, टीव्हीची पूर्ण रुंदी भरायला गेलात तर वरून डोकी आणि खालून हात कापले जातात. कॉमेडीत हात कापले गेले तर राहिलं काय? घोंगडीचा सीन झूम करून बघितला तर दोरीच फ्रेमच्या बाहेर जायची.

'द अपार्टमेंट'चं याच्या उलट आहे, तो ब्लॅक अँड व्हाइट असूनही अतिशय रुंद पडद्यासाठी काढलाय, म्हणून पट्ट्या वर-खाली येतील. ते ऑफिस आठवतंय ना, टेबलांच्या रांगाच रांगा, संपतच नाहीत? ते खरं एवढं मोठं नव्हतं. अलेक्झांडर त्रोनेर नावाचा कलादिग्दर्शक, त्याने मागे मागे टेबलं लहान करत नेली आणि त्यावर बसवलेली माणसंही लहान चणीची, मुलंसुद्धा, म्हणजे नजरेला खोली लांबच लांब वाटते. ती रुंदी कापली की तो कारकून किती एकटा आहे हेच जातं.

आवाजाचं पण सांगतो, आईंना संवाद ऐकू येत नसतील तर साउंडमध्ये संवाद स्पष्ट करणारा मोड असतो तो लावा आणि सराउंड वगैरे बंद ठेवा. जुना आवाज एकाच ट्रॅकवरचा असतो, त्याला चारही बाजूंनी फिरवून काही मिळत नाही.

एडिसनकर (न्यू जर्सी)

सबटायटल्सचा त्रास आहे ना, मग 'सिटी लाइट्स' लावा! चॅप्लिन, १९३१. बोलपट येऊन चार वर्षं झाली होती, सगळे बोलत होते, आणि या माणसाने हट्टाने मूकपट काढला, फक्त संगीत आणि थोडे आवाज, आणि ते संगीतही स्वतःच केलं. सुरुवातीच्या पाटीवरच लिहिलंय की ही मूकाभिनयातली प्रेमाची कॉमेडी आहे, म्हणजे तुमच्या विषयात अगदी चपखल बसतो. फुलं विकणारी आंधळी मुलगी, तिला वाटतं हा कोणी श्रीमंत माणूस आहे, आणि हा तर रस्त्यावर राहणारा. तुम्ही विचारता ना मध्ये काय आहे, इथे मध्ये हे आहे की तिला दिसायला लागलं तर हा कोण आहे ते कळणार, आणि तिला दिसावं म्हणून पैसे जमवायला हाच जिवाचा आटापिटा करतो. बॉक्सिंगचा सीन बघताना माझी दोन्ही मुलं सोफ्यावरून खाली पडायची बाकी होती. शेवट मी सांगत नाही. फक्त एवढं सांगतो की पाट्या फार थोड्या आहेत, तुम्ही मोठ्याने वाचून दाखवू शकता, माझे वडील भारतातून आले होते तेव्हा आम्ही तसंच केलं, धाकटी वाचायची आणि मी मराठीत सांगायचो, आणि त्यात कोणाचाच रसभंग झाला नाही.

त्यानंतर 'रोमन हॉलिडे', १९५३, विल्यम वायलर. सुरुवातीलाच राजकन्या पाहुण्यांच्या रांगेला हात मिळवत उभी आहे आणि लांब झग्याच्या आत तिने दुखणाऱ्या पायातला एक बूट काढलाय, तो कलंडतो आणि तिला काही सापडत नाही. एक शब्द न बोलता तिची सगळी गोष्ट कळते. आणि पिक्चर खरोखर रोममध्ये शूट झालाय, टायटल्समध्ये ते मुद्दाम लिहिलंय, त्यामुळे गल्ल्या, स्कूटर, गर्दी सगळं तेव्हाचं आहे. राजकन्या झालेल्या ऑड्री हेपबर्नला याचंच ऑस्कर मिळालं. तो दगडी तोंडात (खोटारड्याचा हात चावतं म्हणतात ते) हात घालायचा सीन आहे ना, पत्रकार झालेला ग्रेगरी पेक हात बाहीत लपवून बाहेर काढतो, ते तिला आधी सांगितलेलं नव्हतं म्हणतात, आणि तिची किंकाळी बघून ते पटतं.

माझी मोठी मुलगी तेरा वर्षांची, तिला शेवट अजिबात पटला नाही. "दे शुड हॅव जस्ट टॉक्ड" म्हणाली. मी म्हटलं अगं ते बोललेच की, सगळ्यांसमोर, पत्रकार परिषदेत, फक्त त्या दोघांनाच कळेल असं. मग परत लावून बघितला तो सीन. तेव्हा तिला दिसलं.

सरळ_मत (कोल्हापूर)

मी थोडं विरुद्ध बोलतो, राग मानू नका. जुनं ते सगळं सोनं नाही. १९३४ साली शेकडो प्रेमकथा निघाल्या असतील, आपण बघतो तो त्यातला सगळ्यात चांगला, ज्याला सिनेमा, दिग्दर्शक, नट, नटी आणि पटकथा अशी पाचही मोठी ऑस्कर मिळाली, असं करणारा तो पहिलाच. त्याची तुलना परवा शुक्रवारी आलेल्या कुठल्यातरी पिक्चरशी करायची हे बरोबर नाही. नव्यातही आहेत की. 'मुंबई-पुणे-मुंबई', २०१०, सतीश राजवाडे, स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे, दोघंच, एक दिवस, पुणं, आणि नुसतं बोलणं. घर नाही, पैशाची अडचण नाही, आणि तरी बघवतं. मध्ये काय आहे तर दोघांचा हट्ट, माझं शहर भारी की तुझं. मला तेवढं पुरतं.

आणि जुन्यात काही गोष्टी आता खुपतात हेही बोललं पाहिजे. 'छोटी सी बात' मला फार आवडतो, अमोल पालेकर, विद्या सिन्हा, अशोककुमार खंडाळ्याला बसून प्रेमाचे धडे देतायत, असरानीची ती स्कूटर, सगळं मान्य. पण आमच्या घरी बहिणीने विचारलं की हा माणूस रोज बसस्टॉपपासून ऑफिसपर्यंत तिच्या मागे मागे जातो हे तुम्हाला गोड का वाटतं? आणि तिच्याकडे बघून कोणाला उत्तर देता येईना कारण ती स्वतः रोज बसने कॉलेजला जाते. मग तासभर त्यावरच चर्चा. माझं मत असं की पालेकरांच्या डोळ्यात भीती आहे, हक्क नाही, म्हणून तो पिक्चर टिकतो, तोच सीन दुसऱ्या कोणी हिरोगिरी करत केला असता तर बघवला नसता. बहिणीचं मत बदललं नाही आणि तिचं काही चुकतंय असंही मला वाटत नाही. असे पिक्चर घरी बघावेत ते याचसाठी, थिएटरात हा विषय निघालाच नसता.

एक अजून, 'द अपार्टमेंट'ला कॉमेडी म्हणणं मला जड जातं. ख्रिसमसच्या आदल्या रात्री ती मुलगी झोपेच्या गोळ्या घेते, शेजारचा डॉक्टर तिला थोबाडीत मारून मारून जागं ठेवतो. कसली कॉमेडी?

पावसाळी_दुपार (ठाणे)

सगळ्यांचे खूप आभार, एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं.

@सरळ_मत, तुलनेचा मुद्दा पटला, 'मुंबई-पुणे-मुंबई' आम्हालाही आवडतो. पण 'द अपार्टमेंट'साठी मी भांडणार! तो गोळ्यांचा प्रसंग झाल्यावर काय होतं बघा ना. तो तिला एकटीला सोडत नाही, पत्ते खेळायला लावतो, तिला खेळायचं नसतं तरी, आणि टेनिसच्या रॅकेटमधून स्पॅगेटी गाळून तिच्यासाठी जेवण करतो, गाणं गुणगुणत. आम्ही तिथे मोठ्याने हसलो, आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं की हा माणूस इतके दिवस एकटाच जेवत होता. दुःख आणि हसू एकाच ताटात वाढलंय त्याने. मला तर वाटतं कॉमेडी कोणाला म्हणायचं हे त्या रॅकेटवरूनच ठरवावं. आणि शेवटी ती धावत येते, तो सांगतो माझं तुझ्यावर प्रेम आहे, तर ती पत्त्यांचा कॅट त्याच्या हातात देते आणि म्हणते गप्प बस आणि वाट. मिठी नाही, काही नाही. एवढं सगळं सोसलेल्या मुलीने याहून जास्त काही म्हटलं असतं तर मला खोटं वाटलं असतं.

बहिणीचा प्रश्न मात्र बरोबर आहे. 'छोटी सी बात' लावू तेव्हा आईला विचारणार आहे, ती लग्नाआधी रोज लोकलने दादरला नोकरीला जायची, तिच्याकडे यावर सांगण्यासारखं नक्की असेल.

@कोपऱ्यातला_टीव्ही, ती मोशनची सोय खरंच चालू होती, नवऱ्याने लगेच बंद केली आणि दोघं बसून घोंगडीचा सीन परत बघितला. किती फरक पडला! अंधार खरा अंधार वाटला.

जुना_रेडिओ (नागपूर)

घोंगडीवरून अजून एक सांगायचं राहिलं. लोक म्हणतात तेव्हा सेन्सॉर कडक होतं म्हणून असं झाकून दाखवायचे. नियम १९३० पासून कागदावर होते खरे, पण हॉलिवूडमध्ये त्यांची कडक अंमलबजावणी सुरू झाली १९३४ च्या जुलैत, आणि हा पिक्चर आला त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत. म्हणजे नियमांचा फास आवळायच्या आधीच त्यांनी ही घोंगडी टांगली होती. नुसत्या धाकाने टांगली असती तर तिच्यातून एवढी गंमत काढली नसती असं मला वाटतं. पुढे शेवटी भिंत पडते तीसुद्धा खेळण्यातल्या तुतारीच्या आवाजावर, दोघं आपल्याला दिसतही नाहीत.

आईंसाठी याचंच हिंदी रूप 'चोरी चोरी' पण बघा, १९५६, राज कपूर आणि नर्गिस, शंकर-जयकिशन. 'आजा सनम मधुर चांदनी में हम' आणि 'ये रात भीगी भीगी' लता आणि मन्ना डे. काप्राच्या पिक्चरमध्ये जे संवादात होतं ते इकडे गाण्यात आलंय. आमिर खानचा 'दिल है के मानता नहीं' पण त्याच गोष्टीवरचा, १९९१ चा, तो मुलांना आवडेल.

शेवटची_रांग (नाशिक)

उशिरा वाचला धागा. सई परांजपेंचं नाव अजून कोणी कसं घेतलं नाही? 'चश्मेबद्दूर' १९८१ चा, फारूख शेख आणि दीप्ती नवल, चमको साबणाची पावडर विकायला दारात आलेली मुलगी आणि आत अभ्यासाला बसलेला मुलगा, ती बादलीत कपडे धुऊन दाखवते आणि तो बघत राहतो. यात हिरो तिचा पाठलाग करत नाही, तीच त्याच्या दारी आलीये, तेही कामासाठी, त्यामुळे @सरळ_मत, तुमच्या बहिणीलाही चालेल बघा. मग १९८३ चा 'कथा', तो स. गं. साठ्यांच्या 'ससा आणि कासव' नाटकावरचा, नसीरुद्दीन शाह सरळमार्गी कारकून आणि फारूख शेख गोड बोलून सगळ्यांना गुंडाळणारा, परत चाळ, परत नळ, गच्ची, जिने.

पण 'कथा' बघताना एक करा, बायकांकडे लक्ष ठेवून बघा. सगळे नसीर आणि फारूखचं बोलतात. दीप्ती नवलची संध्या जे सहन करते आणि शेवटाकडे नसीरला जे स्पष्ट सांगून टाकते, आणि तो ज्या सहजपणे ते ऐकून घेतो, तेवढ्यासाठी मी तो पिक्चर पुन्हा पुन्हा लावते. 'द अपार्टमेंट' एवढा आवडला असेल तर हा तुम्हाला आवडणारच, दोन्हीकडे सरळ माणूस आहे, दोन्हीकडे मुलगी चुकीच्या माणसावर विश्वास टाकून बसलीये, आणि दोन्हीकडे त्या मुलीला कोणी नावं ठेवत नाही. आईंना आधी 'चश्मेबद्दूर' दाखवा, 'कथा' त्यानंतर. आणि बघून झाल्यावर संध्याबद्दल आई काय म्हणाल्या ते इथे लिहा, मला खरंच ऐकायचंय.